आज यादीत, खरेदी दसऱ्याला: मोठे खर्च लांबणीवर टाकण्याची पद्धत

खर्चावर ताबा म्हटले की लोक निग्रहाच्या मागे लागतात. पण रात्री साडेदहाला दिवसभराच्या थकव्यानंतर हातात फोन असतो, पगार कालच जमा झालेला असतो आणि समोर ‘फक्त २ शिल्लक’ असे झळकत असते. अशा वेळी निग्रह फारसा कुणाकडे उरत नाही. म्हणून थांबण्याचे काम मनावर न सोडता तारखेवर आणि खात्यावर सोपवायचे. हव्या असलेल्या प्रत्येक मोठ्या वस्तूला खरेदीची एक तारीख द्यायची आणि त्या तारखेपर्यंत पैसे वेगळ्या जागी साठवायचे. पुढचे सगळे या दोन गोष्टी कशा बसवायच्या आणि त्या कुठे निसटतात याबद्दल आहे. उदाहरणांसाठी महिना ₹४०,००० हातात येणारे घर धरले आहे. आपल्या उत्पन्नाप्रमाणे आकडे बदलून घ्यावेत.

आधी तीन महिन्यांचा उतारा

बँकेच्या ॲपमधून गेल्या तीन महिन्यांचा खातेउतारा काढा. क्रेडिट कार्ड असेल तर त्याची तीन बिलेही घ्या. शक्यतो छापून घ्या, स्क्रीनवर हे काम अर्धवट राहते. प्रत्येक ओळीला तीनपैकी एकच खूण करायची. बांधील खर्च म्हणजे भाडे, किराणा, फी, प्रवास, औषधे, हप्ते. ठरवून केलेला खर्च म्हणजे जो आदल्या आठवड्यात तुम्हाला माहीत होता. तिसरा उठल्यासुटल्या झालेला. यूपीआयच्या ₹६०, ₹१४०, ₹२२० अशा बारीक ओळींवर कंटाळा येतो, पण त्यांनाही खूण करा. वीस शीर्षकांचा तक्ता मात्र बनवू नका. असे तक्ते दुसऱ्या आठवड्यात बंद पडतात.

शेवटी तिसऱ्या खुणेची बेरीज करून तिला तीनने भागा. येणारा आकडा हा तुमचा खरा वाव आहे. तो ₹४,००० निघाला आणि तुम्ही महिना ₹८,००० बाजूला टाकायचे ठरवले, तर योजना पहिल्याच महिन्यात कोसळणार. सुरुवात त्या आकड्याच्या निम्म्याने करा.

ज्यांनी इथून सुरुवात करू नये

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर वस्तूसाठी साठवणे थांबवा आणि आधी ती फेडा. थकबाकीवर बऱ्याच कार्डांचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात. ₹२०,००० बाकी आहेत असे धरा. महिन्याचे व्याज ₹७०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ₹१२६. किमान देय रक्कम पाच टक्के धरली तर ₹१,००० भरावे लागतात आणि त्यातले मुद्दलात जातात जेमतेम ₹१७४. शिवाय पूर्ण बिल न भरल्यास नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, दूध-भाजी कार्डावर घेतली तरी पहिल्या दिवसापासून व्याज लागते. अशा अवस्थेत सहा टक्क्यांची आवर्ती ठेव सुरू ठेवणे हा तोट्याचाच धंदा.

थकबाकी फिटली की एका महिन्याचा घरखर्च बचत खात्यात किंवा कधीही मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवा. तो नसेल तर फोनसाठी साठवलेले पैसे पहिल्याच दवाखान्यात जातात आणि ‘साठवून काही उपयोग नसतो’ हा समज पक्का होतो.

काही खर्च लांबवायचेच नसतात. झिजलेले टायर, गळणारा नळ, किडलेला दात, विम्याचा हप्ता, मुलांची परीक्षा फी. दुरुस्ती लांबवली की खर्च वाढतो. दाताला सिमेंट भरायचे चुकवले तर पुढे रूट कॅनाल आणि कॅप करावी लागते. कंजूषपणा आणि वाट पाहणे यांतला फरक इथे सांभाळावा लागतो.

किती रकमेला किती दिवस

₹५०० पर्यंतची खरेदी हातखर्चातून, कसलाही विचार न करता. त्याच्या वर, पगाराच्या पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे ₹२,००० पर्यंत, एक रात्र. पाच ते पंचवीस टक्के, म्हणजे ₹२,००० ते ₹१०,०००, तीस दिवस. तीस दिवसांमागे कारण आहे: मधे एक पगार येऊन जातो, त्या पगारातून बांधील खर्च कसे भागतात ते दिसते आणि मगच निर्णय होतो. पंधरा दिवसांत हे कळत नाही.

₹१०,००० च्या वरच्या वस्तूला थेट पुढचा मुहूर्त द्यायचा. साडेतीन मुहूर्तांवर खरेदी करायची पद्धत आपल्याकडे आहेच, ती खरेदीचे कॅलेंडर म्हणून वापरता येते. ज्यांना मुहूर्त मानायचा नसेल त्यांनी १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर धरावे, काही बिघडत नाही. मुहूर्तांची अंतरे मात्र विषम आहेत, ती समजून घ्या. गुढीपाडव्यापासून अक्षय तृतीया महिन्याभरावर. दसऱ्यापासून बलिप्रतिपदा साधारण तीन आठवड्यांवर. म्हणजे व्यवहारात वर्षाला दोनच खिडक्या: पाडवा आणि अक्षय तृतीयेची एक, दसरा आणि दिवाळीची दुसरी. एका खिडकीत एकच मोठी वस्तू. ‘दसऱ्याला फ्रिज, दिवाळीच्या पाडव्याला टीव्ही’ असे झाले की वीस दिवसांत दोन पगार उडतात आणि कार्तिकात दुकानदाराचे हप्ते सुरू होतात.

वही

ऑनलाइन दुकानाची ‘कार्ट’ किंवा ‘विशलिस्ट’ यासाठी वापरू नका. ती यादी तुमची नसते. तिथे टाकलेल्या वस्तूची आठवण दुकानच करून देत राहते. घरातली साधी वही घ्या आणि प्रत्येक वस्तूसाठी एवढे लिहा: आजची तारीख, नेमके मॉडेल, आज मिळत असलेली किंमत, ती कशाच्या जागी येणार, घरात कुठे ठेवणार आणि निर्णयाची तारीख.

‘कशाच्या जागी’ हा रकाना सगळ्यात उपयोगी. एअर फ्रायरच्या पुढे ‘कशाच्याही जागी नाही’ लिहावे लागले की ओट्यावरची जागा डोळ्यांसमोर येते. किंमत लिहिताना छापील एमआरपी लिहू नका, आज प्रत्यक्ष मिळणारा भाव लिहा. सेलच्या दिवशी ‘४० टक्के सूट’ कशाच्या तुलनेत आहे ते हा आकडाच सांगतो. बहुतेक वेळा सूट एमआरपीवर मोजलेली असते आणि वहीतल्या भावाशी फरक पाच-सात टक्क्यांचा निघतो.

एक सापळा आहे. यादीत टाकल्यानंतर लोक तीस दिवस त्याच वस्तूचे रिव्ह्यू बघत बसतात. याला थांबणे म्हणता येत नाही, यात ओढ उलट वाढते आणि शेवटी ₹१५,००० चा फोन शोधायला गेलेला माणूस ₹२२,००० च्या फोनवर येतो. माहिती दोनदाच काढायची, यादीत लिहिताना आणि निर्णयाच्या आदल्या दिवशी. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लहान मुलांवर केलेले खाऊचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. आत्ता घेतलास तर एक, थांबलास तर दोन. थांबणारी मुले पुढे आयुष्यात यशस्वी होतात, हा त्यातून काढलेला निष्कर्ष २०१८ मध्ये मोठ्या गटावर तपासला गेला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर बराच फिका पडला. पण त्या प्रयोगांतली एक गोष्ट इथे कामाची आहे: खाऊ नजरेआड असला किंवा मुलाने मन दुसरीकडे वळवले की ते जास्त वेळ थांबू शकत असे.

पैसे कुठे ठेवायचे

पगाराच्या खात्यात ठेवलेली बचत म्हणजे पुढच्या आठवड्याचा खर्च. दुसरे खाते हवे आणि त्या खात्याला यूपीआय जोडायचे नाही. किमान शिल्लक किती लागते ते उघडण्याआधी विचारा.

मुहूर्ताच्या खरेदीसाठी बँकेची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, चांगली. बँकांत ती साधारण सहा महिन्यांपासून पुढे मिळते. पाडव्याच्या सुमारास सहा महिन्यांची आरडी सुरू केली की ती दसऱ्याच्या दोन-तीन दिवस आधी हाती येते. अधिक महिन्याच्या वर्षी तर महिनाभर आधीच येते. महिना ₹३,००० प्रमाणे ₹१८,००० भरले जातात आणि सहा टक्क्यांनी त्यावर सुमारे ₹३१५ मिळतात. अक्षय तृतीयेला सुरू केली तर मात्र दसरा हुकतो, कारण एरवी मधे साधारण पाच महिनेच असतात. दिवाळी ते गुढीपाडवा हे अंतर जेमतेम पाच महिन्यांचे, तिथे आरडी बसत नाही. त्यासाठी दुसऱ्या बचत खात्यात दरमहा आपोआप वर्ग होण्याची स्थायी सूचना द्या. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. तीन वर्षांनी मोडता येते, पण मग व्याज बचत खात्याच्या दराने मिळते. फोन-फ्रिजसाठी ती गैरसोयीची, पाच वर्षांनी लागणाऱ्या कॉलेजच्या फीसाठी ठीक.

हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा. पगार एक तारखेला होतो म्हणून हप्ताही एक तारखेला ठेवला आणि पगार दोन दिवस लांबला, तर हप्ता चुकतो आणि दंड लागतो.

आता हप्त्यावर घेणे आणि साठवून घेणे यांचा हिशेब. ₹२४,००० चा फोन, बारा महिने. क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर १५ टक्के व्याज धरले तर हप्ता ₹२,१६६ बसतो. एकूण व्याज ₹१,९९४, त्यावर जीएसटी ₹३५९, प्रोसेसिंग फी ₹१९९ धरली तर करासह ₹२३५. फोन पडला ₹२६,५८८ ला. तेच महिना ₹२,००० सहा टक्क्यांच्या आरडीत टाकले तर वर्षाअखेर सुमारे ₹७८० व्याज मिळते आणि फोन ₹२३,२२० ला पडतो. फरक जवळपास ₹३,३७०. शिवाय वर्षभरात तेच मॉडेल स्वस्त होण्याचीच शक्यता जास्त.

‘नो कॉस्ट’ ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणून दिलेला हप्ता, असेल तर? रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. व्यवहारात व्याजाइतकी सूट विक्रेता आधी दाखवतो आणि बँक ते व्याज हप्त्यांत घेते. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडेच राहते. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूटही अनेकदा जाते. दुकानात सरळ विचारा: “आत्ता पूर्ण पैसे दिले तर किती?” दोन आकड्यांतला फरक म्हणजे ‘नो कॉस्ट’ची किंमत.

आमच्या मते व्याज हा यातला लहान भाग आहे. मोठा भाग असा की वाट पाहताना काही वस्तू यादीतून आपोआप गळतात. हप्त्यावर घेतलेली वस्तू गळत नाही, वापरात नसली तरी बारा महिने पैसे मागते.

फोनमधली सोय मोडायची

पैसे देणे आज इतके सुलभ झाले आहे की थांबायला जागाच उरत नाही. ती जागा हाताने तयार करावी लागते. एक संध्याकाळ काढून हे करा.

खरेदीच्या प्रत्येक ॲपमध्ये जाऊन जतन केलेली कार्डे काढून टाका. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांकडे कार्डाचा नंबर राहत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या नंबराच्या जागी वापरला जाणारा संकेतांक, राहते. पण तुमच्या बाजूने खरेदी तेवढीच झटपट होते, म्हणून टोकनही काढा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा ऑनलाइन वापर, परदेशी वापर आणि टॅप करून पैसे देणे वेगवेगळे बंद करता येते, प्रत्येकाची मर्यादाही ठरवता येते. ऑनलाइन वापर बंद ठेवा, लागेल तेव्हा चालू करा. ती दोन मिनिटेच कामाची आहेत. यूपीआय लाइटला पिन लागत नाही. बस-चहासाठी ते सोयीचे आहे, पण त्यात ₹५०० च्या वर भरणा करू नका आणि आपोआप भरणा होण्याची सोय बंद ठेवा.

यूपीआय ॲपमधला ‘ऑटोपे’ विभाग उघडा. तिथे विसरलेली सदस्यत्वे सापडतात. पैसे वळते होण्याच्या २४ तास आधी सूचना यावी असा नियम आहे, पण ती इतर पन्नास संदेशांत हरवते. प्रत्येकाला एकच प्रश्न: हे आज नव्याने घेतले असते का?

‘पे लेटर’, म्हणजे आत्ता घ्या आणि पैसे नंतर द्या ही सोय, बंद करा. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपची सूचना बंद करा आणि त्यातली ‘आणखी ₹८० ची खरेदी केल्यास डिलिव्हरी मोफत’ ही ओळ नीट वाचा: ₹२५ वाचवायला ₹८० जातात. झटक्यात डिजिटल कर्ज घेतलेच असेल तर करारातली कूलिंग ऑफ मुदत बघा. ती किमान एक दिवसाची असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येते. प्रोसेसिंग फी मात्र कापली जाऊ शकते.

निर्णयाचा दिवस

वही उघडा. वस्तू अजून हवी आहे का, पैसे पूर्ण जमले आहेत का, मधल्या काळात तिच्यावाचून नेमके कुठे अडले? तिसऱ्या प्रश्नाला दोन ठोस प्रसंग सांगता आले तर घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. ‘अडले नाही, पण असती तर बरी’ असे उत्तर असेल तर पुढच्या खिडकीत ढकला. दोनदा ढकललेली वस्तू खोडून टाका.

पैसे कमी पडत असतील तर उरलेल्या रकमेचा हप्ता करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा खालचे मॉडेल घ्या किंवा महिनाभर आणखी थांबा. किंमत वाढली असेल तरी हेच.

वस्तू खोडली तर साठलेल्या पैशाचे त्याच दिवशी काहीतरी करा. निम्मे आपत्कालीन ठेवीत, निम्मे यादीतल्या पुढच्या वस्तूला. हे न केल्यास पैसे पगाराच्या खात्यात परत येतात आणि कशात गेले हेही आठवत नाही. सगळ्या पद्धतीत सर्वाधिक गळती इथेच होते.

घरातली माणसे

एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे, असे चालत नाही. नवरा-बायको दोघांनाही हिशेब न विचारला जाणारा हातखर्च हवा, आणि तो सारखा हवा. ₹४०,००० च्या घरात प्रत्येकी ₹१,००० ते ₹१,५०० पुरेसे. कमावत नसलेल्या माणसालाही तेवढाच. वही एकच, आणि दुसऱ्याच्या वस्तूवर शेरे मारायचे नाहीत. निर्णयाच्या दिवशी बोला.

मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट कडक पाळा: ‘दिवाळीला सायकल’ म्हटले तर दिवाळीला सायकल. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मोठ्या माणसाने आधी शब्द पाळलेला ज्या मुलांनी पाहिला होता ती खाऊसाठी बरीच जास्त वेळ थांबली. ज्यांचा अनुभव उलटा होता त्यांनी समोरचा खाऊ उचलला, आणि त्यांच्या बाजूने तेच शहाणपणाचे होते.

भिशी आणि सोनाराची योजना

ओळखीतली भिशी शिस्त लावते, हे खरे. पण नोंदणी नसलेल्या भिशीत आयोजक पळाला तर हाती फारसे काही राहत नाही. भिशीचा नंबर लवकर लागला तर ते कर्जच असते, हेही विसरले जाते. सोनाराच्या ‘अकरा हप्ते भरा, बारावा आमचा’ योजनेत मिळणारा फायदा बहुधा दागिन्याच्याच रूपात मिळतो. त्यामुळे घडणावळ किती टक्के, सोन्याचा भाव कोणत्या दिवसाचा, रोख परत मिळते का, हे सही करण्याआधी लेखी घ्या. अशा योजनेला बँक ठेवीसारखे पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण नसते. दागिना घ्यायचाच असेल तर ठीक, फक्त साठवायचे असेल तर बँक बरी.

ज्यांचा पगार महिन्याला येत नाही

सोयाबीन-कापसाचे पैसे दसरा-दिवाळीच्या आसपास येतात, आणि बाजार सर्वात आक्रमक असतो तोही त्याच दिवसांत. इथे मुहूर्ताचे कॅलेंडर उलटे वापरा. पैसे आल्यावर आधी रब्बीचे बियाणे-खत, पीककर्जाचा भरणा आणि पुढच्या सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढा. मुदतीत फेडलेल्या पीककर्जावर व्याज सवलत मिळते, ती घालवणे परवडत नाही. उरलेल्यातली मोठी खरेदी पाडव्याला ठेवा. तोवर रब्बीचे चित्रही स्पष्ट झालेले असते. रिक्षा, दुकान, फ्रीलान्स काम असणाऱ्यांनी गेल्या बारा महिन्यांतल्या सर्वात कमी कमाईच्या महिन्याएवढा ‘पगार’ स्वतःला द्यावा आणि वरचे दुसऱ्या खात्यात टाकावे.

पगारवाढीचा महिना

नीट चाललेली पद्धत मोडते ती बहुधा इथे. पगार ₹४,००० नी वाढतो आणि दोन महिन्यांत ते कुठे जातात हे कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी २००४ मध्ये मांडलेल्या योजनेचे मर्म इथे लागू पडते: वाढ हातात येण्यापूर्वीच तिचा एक वाटा बचतीला जाईल असे ठरवून टाकायचे. वाढीचे पत्र मिळाले त्याच आठवड्यात निम्म्या रकमेची व्यवस्था करा. चालू आरडीचा हप्ता सहसा वाढवता येत नाही, म्हणून ₹२,००० ची दुसरी आरडी उघडा. उरलेले ₹२,००० मोकळेपणाने खर्चा, हातखर्चही वाढवा. वाढ मागील तारखेपासून लागू होऊन फरक एकरकमी आला, तर तो पगाराच्या खात्यातून त्याच दिवशी हलवा आणि यादीत सर्वात वर असलेल्या वस्तूच्या नावे टाका, पण तिची तारीख पुढेच राहू द्या.